शर्यतीतून उतरलेला घोडा दारात आणताना

मागच्या अंकात पुण्या-मुंबईच्या शर्यतींतून निवृत्त झालेल्या घोड्यांना घर शोधून देणाऱ्या संस्थांविषयी चार ओळी छापल्या होत्या. त्यावर आलेली बरीच पत्रं नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यातली निघाली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रं थोडी आखडली आहेत, उत्तरं नाहीत.

प्रश्न : मखमलाबाद शिवारात आमची दीड एकर मोकळी जागा आहे. पुण्यातला सहा वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) एक संस्था दत्तक द्यायला तयार आहे, तोही फुकट. एवढा देखणा घोडा फुकट कसा? नेमकं घोडं पेंड कुठे खातं?

थरोब्रेड दोन वर्षांचा झाला की शर्यतीला उभा राहतो. इंडियन डर्बीसारखी मानाची शर्यत चार वर्षांच्या घोड्यांची असते, यावरून ऐन उमेदीचं वय कळावं. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचं पळणं संपतं. नीट सांभाळलेला घोडा मात्र पंचवीस वर्षं सहज काढतो. मधल्या अठरा-वीस वर्षांचा खर्च कोणी करायचा, तिथे घोडं पेंड खातं.

रुपये लिहीत नाही, सहा महिन्यांत ते शिळे होतात. मापं घ्या आणि तुमच्या भागातल्या भावाने गुणा. साडेचारशे किलोच्या घोड्याला महिन्याला साधारण २७० किलो वाळलेलं गवत, ४५ ते ६० किलो ओट्स आणि एक-दीड किलो मीठ लागतं. रोजचं पाणी थंडीत ३० लिटर, उन्हाळ्यात ५०. रोजची लीद १५ ते २० किलो, ती उचलायला माणूस. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. वर्षाला धनुर्वात आणि रेबीजची लस, दातांची घासणी, लीद तपासून जंतनाशक. यात सगळ्यात महाग पडतो तो माणूस. सकाळ-संध्याकाळ खरारा करणारा, खूर उचलून बघणारा आणि घोडा आज नेहमीसारखा नाही हे ओळखणारा माणूस नसेल तर पुढचं वाचू नका.

दत्तक देण्याची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच असते. आधी अर्ज, त्यात जागा, पाणी, जवळचा पशुवैद्य, नालबंद आणि पूर्वीचा अनुभव. मग संस्थेचा माणूस जागा बघायला येतो. त्यानंतर तुम्ही घोडा बघायला जाता. एकदा नाही, दोनदा जा, आणि दुसऱ्यांदा न सांगता ठरल्या वेळेच्या आधी तासभर पोचा. तबेल्यात शांत उभा असलेला, स्वतःहून मोहरकीत तोंड घालणारा घोडा आणि तुमच्यासाठी आधीच तासभर दमवून ठेवलेला घोडा, यातला फरक तेव्हाच दिसतो. मग तुमच्या पशुवैद्याची तपासणी, आणि शेवटी करार.

करार सावकाश वाचा. बहुतेक करारांत घोडा विकायचा नाही, पैदास करायची नाही, पुन्हा कुठल्याही शर्यतीत उतरवायचा नाही, टांग्याला-वरातीला जुंपायचा नाही, दर काही महिन्यांनी फोटो आणि वर्षाला पशुवैद्याचा दाखला पाठवायचा, अशी कलमं असतात. सगळ्यात महत्त्वाचं कलम परतीचं. सांभाळणं जमलं नाही तर घोडा संस्थेकडेच परत जाईल, वाहतुकीचा खर्च अमुक जण करील, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. हे कलम नसेल तर ती संस्था घोड्याला घर देत नाहीये, आपला तबेला रिकामा करतेय. आणि 'आज नेला नाहीत तर उद्या कत्तलीला जाईल' असं सांगत पैसे मागणाऱ्या दलालाकडून घोडा 'सोडवू' नका. त्या पैशात तो उद्या दुसरा घोडा आणून तिथेच बांधतो.

प्रश्न : घोड्याच्या कागदावर 'टेंडन, डावा पुढचा' असं लिहिलंय. चालताना लंगडत नाही. घ्यावा का? (निफाड)

घ्यायला हरकत नाही, पण दुखणं जुनं आहे की ताजं हे हाताने बघूनच.

घोडा सपाट जागी चारही पायांवर सरळ उभा करा. गुडघ्याखालच्या नळीच्या मागे दोरखंडासारख्या शिरा लागतात, तेच टेंडन. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हळूहळू खाली सरका. चांगल्या टेंडनची कड सरळ आणि ताठ लागते, मध्ये कुठे फुगवटा नसतो. मग पाय उचलून, शिरा सैल असताना पुन्हा तसंच करा. त्यानंतर हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पुढच्या पायांची ऊब ताडून बघा. जागा जाड पण टणक आणि थंड, दाबल्यावर घोडा पाय ओढत नाही, तर इजा जुनी, भरून आलेली. गरम लागते, पिठासारखी मऊ आहे, दाबताच पाय झटकतो, तर इजा ताजी. बाजूने बघितल्यावर नळीची मागची रेघ धनुष्यासारखी बाहेर आलेली दिसते, म्हणून शर्यतीच्या तबेल्यात याला 'बो' म्हणतात.

ताज्या टेंडनला भरून यायला ९ ते १२ महिने लागतात आणि ती भरण पहिल्याइतकी लवचीक कधीच होत नाही. म्हणूनच तो शर्यतीतून गेला. शेतावर चालणं, हलकी दुडकी यासाठी जुना 'बो' चालतो. उड्या आणि भरधाव यासाठी नाही. खात्रीसाठी अल्ट्रासाउंडच लागतो.

नंतर कडक, सपाट रस्त्यावर ढिल्या दोरीने सरळ दुडकी चालवून बघा. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकताना घोड्याचं डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. नवखे लोक हे नेमकं उलट वाचतात. गेल्या दहा दिवसांत वेदनाशामक दिलं होतं का, हे लेखी विचारा, कारण फिनाइलब्युटाझोनवर असलेला लंगडा घोडाही सरळ चालतो.

आणखी तीन गोष्टी विचारा. पळताना नाकातून रक्त आलं होतं का? हलक्या कामाला त्याने अडत नाही, पण माहीत हवं. पळताना घशातून घरघर येते का? आणि खच्ची केलाय का, कधी? आपल्याकडे बरेच नर खच्ची न करताच पळवतात. नुकताच खच्ची केलेला घोडा पुढचे काही आठवडे घोडीला गाभण करू शकतो आणि स्वभाव निवायला त्याहून जास्त वेळ लागतो. खच्ची न केलेला घोडा पहिल्यांदाच घोडा पाळणाऱ्या घरात नको. इथे मधला मार्ग नाही.

घोड्याबरोबर पासपोर्ट, म्हणजे त्याची ओळखपुस्तिका, मागा. भारतात थरोब्रेडची नोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटीकडे असते. मानेच्या डाव्या बाजूला आयाळीखाली मायक्रोचिप असते. स्कॅनरवर आलेला आकडा पासपोर्टशी जुळवा. पासपोर्टमधल्या चित्रातले अंगावरचे केसांचे भोवरेही जुळवा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भोवरे शुभ-अशुभ बघायला मोजतात, इथे तेच भोवरे ओळख पटवायला कामी येतात.

प्रश्न : पुण्याहून नाशिकला घोडा कसा आणायचा? भाजीच्या पिकअपमध्ये चालेल का? (सिन्नर)

नाही. पिकअपचा पत्रा घसरतो, कठडा छातीच्या खाली येतो आणि घोडा उडी मारतो. घोड्यांसाठी बांधलेली गाडीच घ्या, मध्ये आडकाठी आणि खाली रबरी मॅट असलेली.

निघण्याआधी दोन कागद हातात हवेत : प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा निगेटिव्ह अहवाल. ग्लँडर्स घोडा, गाढव, खेचर यांना होतो आणि माणसालाही लागतो. २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. त्यावर उपचार केले जात नाहीत, बाधित जनावर मारावंच लागतं. नाकातून चिकट घट्ट स्राव आणि अंगावर गाठी फुटून जखमा ही त्याची खूण. पण लक्षणं न दाखवताही घोडा रोग बाळगू शकतो, म्हणून तपासणीशिवाय घोडा गाडीत चढवू नका.

चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर हा रस्ता दोनशे किलोमीटरच्या थोडा वर. घोड्याच्या गाडीला सहा-सात तास धरा. उन्हाळ्यात पहाटे तीनला निघा. पायांना कापूस घालून पट्ट्या, समोर गवताची जाळी. डोकं आखूड बांधू नका. घोडा डोकं खाली घालून शिंकरतो तेव्हा श्वासनलिकेतली धूळ-घाण बाहेर पडते. तासन्‌तास डोकं वर राहिलं की तीच घाण फुप्फुसात जाते आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. बरेच घोडे परकं पाणी पीत नाहीत, म्हणून जुन्या तबेल्यातलं ४० लिटर कॅनमध्ये बरोबर घ्या.

पोचल्यावर पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट ठीक, १०१.५ च्या वर गेला की पशुवैद्याला फोन. आणि पहिले तीन आठवडे तो वेगळा : बादली वेगळी, खरारा वेगळा, वीटभट्टीवरची गाढवं कुंपणापाशी येत असतील तर तो भाग बंद.

प्रश्न : आमच्याकडे गीर गाई आहेत. मुरघास, ढेप, कडबा, मका सगळं घरचं. त्यातच घोड्याचंही भागेल ना? (दिंडोरी)

भागणार नाही. सगळ्यात जास्त घोडे इथेच हातचे जातात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

गाय चार कप्प्यांत खाल्लेलं मुरवते. घोड्याचं पोट लहान, दहा-पंधरा लिटरचं, आणि चाऱ्याचं खरं पचन होतं ते मागे, मोठ्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांकडून. त्या जीवांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. शिवाय घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास झरत असतं आणि त्याला मारणारी लाळ फक्त चावताना सुटते. पाच-सहा तास रिकामं राहिलं की आम्ल पोटाचं अस्तर खातं. शर्यतीच्या तालमीतल्या बहुसंख्य घोड्यांना असे व्रण असतात, कारण तिथे दाणा जास्त आणि गवत कमी. नवा घोडा चंदी (दाण्याचं खाद्य) अर्धवट टाकतो, खोगिराचा पट्टा ओढताना दात दाखवतो, लाकूड चाटतो, तर आधी व्रणाचा संशय घ्या आणि पशुवैद्याला ओमेप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाबद्दल विचारा.

आधी घोड्याचं वजन काढा. छातीचा घेर (पुढच्या पायांच्या लगेच मागे) आणि लांबी (खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत) सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १८३ आणि लांबी १६३ असेल तर ४६० किलो. रोजचा वाळका चारा वजनाच्या दोन टक्के, म्हणजे इथे नऊ किलो, चार वेळांत विभागून, रात्रीचा वाटा मोठा. दाणा एका वेळी दोन किलोच्या वर कधीच नाही.

शर्यतीचा घोडा रोज पाच किलो ओट्सवर असू शकतो. काम थांबलं आणि दाणा तसाच राहिला तर स्नायू दगडासारखे आखडून तो जागीच उभा राहतो, लघवी चहाच्या रंगाची होते. तरीही दाणा एकदम तोडू नका. जुन्या तबेल्यातून दहा दिवसांचं तेच खाद्य मागून आणा. तीन दिवस जसंच्या तसं द्या, मग रोज पाव किलो कमी करत दोन आठवड्यांत दीड किलोवर या आणि तितकं गवत वाढवा.

आता तुमची यादी.

मुरघास नको. हवाबंद ओल्या चाऱ्यात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि घोडा त्यांच्या विषाला गाईपेक्षा फार हळवा. बुरशीचा वास येणारा मका अजिबात नको. त्यावरच्या बुरशीचं विष घोड्याचा मेंदू विरघळवतं आणि त्याला उतारा नाही. हिरवी ज्वारी, विशेषतः कापल्यावर पुन्हा फुटलेली कोवळी धाटं, नको. तिने सायनाइडची बाधा होते आणि सतत खाल्ली तर मूत्राशयाची व मागच्या पायांची कायमची कमजोरी येते. चांगला वाळलेला कडबा बारीक कुट्टी करून थोडा चालतो, मुख्य चारा म्हणून नाही. हत्ती गवत आणि उसाचं वाढं यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यात वर गव्हाचा कोंडा पाटीभर घातलात, ज्यात फॉस्फरस भरपूर, की काही महिन्यांत गालफडाची हाडं सुजून तोंड गाढवासारखं दिसू लागतं. कोंडा दिवसाला अर्धा किलोच्या आत ठेवा.

म्हणीतल्या घोड्याने पेंड खाल्ली असेल, तुमच्याने सरकीची ढेप खाऊ नये. आणि गोळी पेंड, कोंबडीचं खाद्य यांच्या पोत्यांपासून त्याला कुलपाइतकं लांब ठेवा. त्यांत मोनेन्सिन असू शकतं. गाईला-कोंबडीला ते औषध, घोड्याच्या हृदयाला विष. घोड्याच्या वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम पुरतात. पोल्ट्रीवाल्याकडून आणलेल्या रिकाम्या पोत्यात ओट्स भरू नका, गिरणीत एकाच मिक्सरमधून दोन्ही काढू नका.

नाशिकचं म्हणून आणखी एक. खळ्यावरचे सडके कांदे आणि पात जनावरांना टाकायची सवय आहे. घोड्याने कांदा भरपूर खाल्ला तर तांबड्या रक्तपेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात. टोमॅटोचे वेल नकोत. द्राक्षाची छाटणी तर मुळीच नको, ना एप्रिलची खरड ना ऑक्टोबरची गोडी. पानांवर फवारे असतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीवर राहिलेल्या काड्यांना डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावलेलं असतं.

मग काय द्यायचं? वाळलेलं मारवेल किंवा पवन्या, धूळ झटकून, घोड्याला धुळीचा खोकला असेल तर दहा मिनिटं पाण्यात बुडवून. लसूणघास एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. तिच्यातलं कॅल्शियम व्रणांनाही बरं. हिरवा चारा मोजताना लक्षात ठेवा, चार-पाच किलो हिरव्यात एक किलोच कोरडा ऐवज असतो. चिमूट-चिमूट करत रोज ३० ते ५० ग्रॅम मीठ, शिवाय चाटायला सैंधवाचा खडा.

चार-सहा आठवड्यांत घोडा खराब दिसू लागेल : बरगड्या, मागचे उतरते पुठ्ठे. शर्यतीचे स्नायू गळतात, ते होणारच. शेजारी 'उपाशी ठेवलाय' म्हणतील. घाबरून दाणा वाढवू नका, गवत वाढवा आणि दर पंधरा दिवसांनी तोच घेर मोजून वहीत लिहा.

प्रश्न : द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची शेड आणि काटेरी तारेचं कुंपण आहे. काय बदलावं? (पिंपळगाव बसवंत)

तार आधी काढा. गाय तारेला बघून थांबते. घाबरलेला थरोब्रेड तिच्यातून जातो आणि छातीची कातडी फाटून लोंबते. बांबू किंवा लाकडाच्या तीन आडव्या पट्ट्या, वरची साडेचार फुटांवर. बागेच्या तारा आणि अँगलकडची बाजू दोनदा बंद करा, मध्ये दहा फूट मोकळे सोडा. फवारणीच्या दिवशी वारा त्याच्याकडे असेल तर घोडा आत.

शेडमध्ये घोड्याला बारा बाय बारा फूट, दार चार फूट, उंची निदान दहा. पत्र्याखाली पेंढ्याचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा थर द्या, एप्रिलच्या दुपारी फरक हात वर केला तरी कळतो. खाली शहाबादी फरशी नको, नाल लावलेला घोडा तिच्यावर घसरतो. मुरूम चोपून त्यावर रबरी मॅट आणि लाकडाचा भुसा. इगतपुरीकडचा भाताचा पेंढा स्वस्त मिळतो, पण तो घोडा बसल्या जागी खातो आणि आतड्यात गोळा अडकतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ठेवणार असाल तर उभं राहायला कोरडी जागा हवीच, नाहीतर खुराच्या खाचेत काळा, कुजक्या वासाचा चिखल साचतो. निफाडच्या थंडीत या पातळ कातडीच्या घोड्याला रात्री झूल घाला. कुंपणाला कण्हेर असेल तर उपटा. तिची मूठभर पानं पुरेशी असतात.

मोकळ्यावर सोडताना पहिल्या दिवशी गेट उघडून पळवू नका. शर्यतीचा घोडा दिवसाचे बावीस तास कोंडलेला असतो, मोकळं रान बघून तो भिंतीवरही धावेल. आधी तीन-चार दिवस दोरीने कुंपणाभोवती फिरवा, मग पोटभर गवत खाल्ल्यावर वीस बाय वीस फुटांच्या आवारात तासभर, आणि मग मोठ्या जागेत. एकटा ठेवू नका. दुसरा घोडा नसेल तर शेळी, गाय चालते.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची, वर्षभर रायडिंग शिकतेय. तिच्यासाठी हाच घोडा घ्यावा का?

या वर्षी नको.

शर्यतीच्या घोड्याला लगामाचं गणित उलट शिकवलेलं असतं. तोंडावर ताण आला की टेकून पुढे पळायचं. घाबरलेलं पोर लगाम ओढतं, घोडा वेग वाढवतो, पोर आणखी ओढतं. दोघंही आपापल्या परीने बरोबर वागत असतात. जॉकीला पाय धरून वर चढवतात, त्यामुळे रिकिबीत पाय टाकून चढताना घोडा स्थिर उभा राहील ही अपेक्षा त्याला ठाऊकच नसते. म्हणून चढायला दीड-दोन फुटांचा ओटा वापरा.

पहिला महिना खोगीर नको. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दोरीने चालवणं, थांबणं, उभं राहणं. मग अनुभवी माणसाने वीस मिनिटं फक्त चालवायचं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत, ४६० किलोला ९२ किलो, टेंडन जुनं असेल तर त्याहून बरंच कमी. मुलीला खरारा, खूर साफ करणं, दोरीने फिरवणं आजपासून द्या.

प्रश्न : रात्री पोट दुखलं तर पशुवैद्य येईपर्यंत काय करावं?

पाय आपटणं, वळून पोटाकडे बघणं, वरचा ओठ वळवणं, लोळणं : चारा काढा, पाणी राहू द्या. खालच्या जबड्याच्या कडेवरून आत जाणारी नाडी मोजा. मिनिटाला २८ ते ४४ ठीक, ६० च्या वर गेली तर पशुवैद्याला फोनवरच तसं सांगा. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. कुशीला कान लावून गुरगुर ऐका, शेवटची लीद कधी टाकली ते आठवा. शांत असेल तर उभा राहू द्या, लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा. रात्रभर फरफटवू नका.

बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तेल पाजू नका. ते फुप्फुसात जातं आणि पोटदुखीतून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोट फुगलं तर पशुवैद्य नाकातून नळी घालून ते रिकामं करतो. घरातली दोन-दोन वेदनाशामकं टोचून ठेवलीत तर त्याला खरी लक्षणं दिसणार नाहीत. शासनाचा पशुवैद्यकीय फोन १९६२ भिंतीवर लिहून ठेवा, पण घोडा आणायच्या आधीच घोड्याला नळी घातलेला एक डॉक्टर शोधून ठेवा. गाईंवर हात बसलेले सगळेच घोड्यावर हात टाकत नाहीत, आणि हे रात्री दोनला कळून उपयोग नाही.

प्रश्न : करारात 'वरातीसाठी वापरू नये' आहे. वर्षातून एकदा, घरच्याच लग्नात?

तेही नाही. डीजेचा आवाज, फटाके, डांबरावर चार तास, आणि पाठीवर लगाम धरता न येणारा नवरदेव. घोडा बिचकला तर गर्दीत बाजूला व्हायलाही जागा नसते.

प्रश्न : त्याचं शर्यतीचं इंग्रजी नाव घरात कोणाला उच्चारता येत नाही. बदललं तर चालेल?

घरात काहीही म्हणा. पासपोर्टवर मात्र जुनंच राहील, पशुवैद्याच्या प्रत्येक दाखल्यावरही तेच लिहून घ्या. नवं नाव शिकवायचं असेल तर चंदीची बादली वाजवायच्या आधी ते घ्या, आठवड्याभरात कान वळतील.